एका मापाचं गाजर

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या भिंतीला लागून एक टेबल आहे. टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, त्याला जोडलेलं भिंग, एक चिमटा, सुयांची डबी. दोऱ्याचं रीळ एकही नाही. रफूचं टेबल आणि रीळ नाही, हे नव्या गिऱ्हाइकाला पटत नाही. मागे बसलेली बाई तेव्हा वर न बघता सांगते, "धागा तुमच्याच कोटात आहे." मग ती कोट उलटा करते, शिवणीत आत सोडलेली जास्तीची पट्टी शोधते आणि तिच्यातून एकेक धागा ओढून काढते. त्या धाग्याने भोक विणते. एक उभा, एक आडवा. कोट परत नेताना गिऱ्हाईक दारातल्या उजेडात भोक शोधत उभं राहतं. ते सापडत नाही. त्या वेळी तिचा चेहरा बघावा. ती हसत नाही, पण चष्मा काढून पुसते.

दुकानात तिला सगळे रफूताई म्हणतात. वय बावन्न. घरी तिला ताई म्हणणारं एकच माणूस आहे, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचा डबा, त्याचा ताप, त्याची गणितं, त्याचे फाटलेले गुडघे, सगळं हिच्याकडे. हिला लग्नाचं विचारायला दोनदा माणसं आली. दोन्ही वेळा धाकट्याची परीक्षा होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, ज्यात एका वेळी एकानेच वळावं. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते. त्या स्वयंपाकघरात विकत आणलेलं तयार काही येत नसे. मसाला ती स्वतः कुटायची, सूप स्वतः उकळायची, भाजी दोन दोन तास मंद आचेवर ठेवायची आणि मध्येच झाकण उघडून तिच्याशी बोलायची. धाकटा जेवायचा, ताट धुवायचा आणि झोपायचा. तीस वर्षं त्याने कधी "छान झालंय" म्हटलं नाही. ती म्हणायची, "श्वास छान चाललाय असं कोणी म्हणतं का?"

आठ महिन्यांपूर्वी त्याने लग्न केलं. मुलगी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर काचेतल्या गोल भोकातून लोकांना सांगते, कुठला मजला, कुठला वॉर्ड, कुठली रांग. संध्याकाळी घरी येते तेव्हा आवाज संपलेला असतो. "हो ताई", "नको ताई", "ठेवते ताई". एवढ्यावर दिवस भागायचा. रफूताईला ते शिष्टपणाचं वाटायचं. तरी तिने स्वयंपाकघरात तिच्यासाठी एक खुंटी ठोकून घेतली. आधी तीन होत्या, आता चार. भावजयीने त्या खुंटीवर आपला एप्रन लावला, आणि पुष्कळ दिवस तो तसाच कोरा लटकत राहिला.

मग बुधवार आला.

दुकानात तेव्हा थंडीच्या कपड्यांचा ढीग लागला होता, म्हणून मालकांनी दर बुधवारी दोन तास जास्त थांबायला सांगितलं. पहिल्या बुधवारी ती घरी आली तर जिन्यातच वास. लसूण, काहीतरी आंबट, काहीतरी जळता जळता राहिलेलं. आत टेबलावर कढई. कढईत नूडल्स, काळपट चकाकणाऱ्या, त्यांत गाजर, मटार, फरसबी, मक्याचे दाणे. आणि धाकटा मोठ्या चमच्याने कढईचा तळ खरवडत होता. खर्र, खर्र. तळाला लागलेला करपट पापुद्रा काढून तो तोंडात टाकत होता.

"ताई, खाऊन बघ. हिने केलंय. बारा मिनिटांत!"

"दिसतंय."

"अगं खा तर."

"मी मालकांकडे चहा घेतला."

ती हात धुवायला मोरीत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. तीस वर्षांत त्याने तिचं एकही भांडं खरवडलं नव्हतं. पोटात दुखणं हा शब्द ती आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आली होती. आता तिला कळलं की ते खरंच पोटात असतं, बेंबीच्या जरा वर, डाव्या बाजूला.

पुढचा बुधवार, त्याच्या पुढचा बुधवार. दर वेळी तीच कढई, तोच चमचा, तोच आवाज. सोमवारी रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "आज सोमवारच का?" आणि रफूताईने त्याच्या ताटात भाजी इतक्या जोरात वाढली की डाव वाजला.

तिसऱ्या बुधवारनंतर, गुरुवारी सकाळी, त्याने बूट घालता घालता सांगितलं.

"कंपनी जागा देतेय. गावाच्या दुसऱ्या टोकाला. एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या गुरुवारपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"मग?"

"मग काय. बघू."

"तिचं काय म्हणणं?"

"ती कुठे काय म्हणते. तू काय म्हणतेस?"

"मी कोण म्हणणारी? लिफ्ट तुझी, बटण तुझं."

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिच्या हातात सात दिवस होते आणि तिला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. माणूस जिथे भांडं खरवडतो तिथे तो राहतो. त्या कढईला हरवायचं.

त्या दिवशी तिने आदल्या रात्री तिच्यासाठी काढून ठेवलेल्या नूडल्स डब्यात भरल्या, दुकानात नेल्या आणि दुपारी सगळे जेवायला बसल्यावर त्या भिंगाखाली कागदावर पसरल्या. चिमट्याने एकेक तंतू बाजूला केला. नूडल्स एकीकडे, मटार एकीकडे, गाजर एकीकडे. रफूवाल्याला अनोळखी कापड असंच कळतं. आधी उसवायचं, धागे मोजायचे, मग वीण आपोआप दिसते.

इस्त्रीवाला डबा हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"ताई, जेवताय की पोस्टमॉर्टेम चाललंय?"

"गप बसा."

"नाही म्हणजे, कोण गेलं ते तरी सांगा."

ती गाजराचे तुकडे मोजपट्टीवर ठेवत होती. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. अकरा तुकडे. सगळे एका मापाचे. सहाही बाजू सरळ, कोपरे धारदार. फरसबीचे तुकडेही तसेच, जणू एकच शेंग पुन्हा पुन्हा कापली होती.

"बघा हे," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

इस्त्रीवाल्याने वाकून पाहिलं. "मशीनने कापल्यासारखं वाटतंय."

"मशीनला असा हात नसतो. याला वर्षं लागतात. घड्या घालून तुम्हाला काय कळणार!"

"बरं बाई, नाही कळत," तो म्हणाला आणि आपल्या डब्याकडे वळला.

ती पुष्कळ वेळ त्या अकरा तुकड्यांकडे बघत बसली. आतापर्यंत तिला वाटलं होतं की भावजयीने त्याला तिखट-आंबट सॉसने फितवलंय. सॉसचं काय, कोणीही ओततं. पण हे दुसरंच होतं. ती मुकी, थकलेली मुलगी हॉस्पिटलातून येते आणि बारा मिनिटांत एवढं कापते, आणि एकाही तुकड्याचा कोपरा ढळत नाही. हाताचं काम तिला हातानेच कळायचं, आणि हा हात आपल्यापेक्षा वरचा आहे, हे तिला कळलं. कष्टाने मिळवलेल्या एकाच गोष्टीत कोणीतरी सहज पुढे निघून गेलं होतं, बोलून दाखवण्याचेही कष्ट न घेता. तिचा राग त्या दिवसापासून जरा आदराने वागू लागला, आणि म्हणून जास्त टोचू लागला.

शुक्रवारी ती पहाटे उठली आणि गाजरं कापायला बसली. आधी सालं काढली, मग लांब पट्ट्या, मग चौकोन. पहिले दहा बरे आले, पुढचे तिरके. तिरके तिने सुपात टाकले. शनिवारी पुन्हा. रविवारी धाकटा डोळे चोळत आला.

"ताई, हे काय? रोज गाजराचं सूप?"

"डोळ्यांना चांगलं असतं."

"माझे डोळे चांगले आहेत."

"मग दिसत कसं नाही?"

तो काही न समजून दात घासायला गेला. भावजय दारात उभी होती. गाजरांकडे, सुरीकडे, रफूताईच्या हातांकडे तिने पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "मी दूध तापवते ताई" एवढंच म्हणाली. रफूताईला ती नजर कौतुकाची वाटली नाही. तिला ती मोजणारी वाटली.

त्याच रविवारी दुपारी तिने स्वतः नूडल्स केल्या. साध्या, कोरड्या नूडल्सचं पुडकं आणलं. हे एक तिला विकत घ्यावंच लागलं. मग आपल्या पद्धतीने सगळं सावकाश केलं. मसाला कुटला, टोमॅटो आटवले, भाज्या झाकण ठेवून मऊ केल्या, नूडल्स त्यांत घातल्या आणि मुरायला आच मंद करून ठेवल्या. तासाभराने झाकण काढलं तेव्हा कढईत एक गोळा होता. चमचा उभा राहत होता.

धाकट्याने पूर्ण वाटी खाल्ली.

"छान आहे," तो म्हणाला.

तीस वर्षांत पहिल्यांदा. तिला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"खोटं बोलू नकोस."

"अगं नाही, चव आहे. फक्त जरा... एकजीव झालंय."

भावजय खाली मान घालून खात होती. तिच्या ओठांचा कोपरा हलला की काय, ते रफूताईला नीट दिसलं नाही. पण दिसलं असं ती धरून चालली.

सोमवारी पहाटे सुरी निसटली. डाव्या अंगठ्यालगतचं बोट चांगलंच कापलं. पट्टी बांधून ती दुकानात गेली. राखाडी कोट होता, कोपरावर पतंगाने खाल्लेलं भोक. हे ती डोळे मिटून करायची. पट्टीच्या बोटाला धाग्याचा ताण कळेना. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. मंगळवारी गिऱ्हाइकाने कोट दारातल्या उजेडात धरला आणि लगेच बोट ठेवलं.

"हे इथे होतं ना?"

इस्त्रीवाल्यानेसुद्धा विनोद केला नाही, वाफ सोडत राहिला. मालक म्हणाले, "ताई, बोट बरं होईपर्यंत लवकर जात जा. बुधवारीही थांबू नका."

असा त्या बुधवारी तिला वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला उत्तर द्यायचं होतं. तिने ठरवलं होतं की आज त्या मुलीचा हात कापताना प्रत्यक्ष बघायचा. मग काय करायचं ते ठरवलं नव्हतं. पण वाटेत बस अडकली, आणि ती इमारतीत शिरली तेव्हा वास आधीच जिन्यात उतरला होता.

तळमजल्यावर जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचा कचऱ्याचा पिंप असतो. त्याचं झाकण अर्धवट होतं. तिने ते नीट लावायला हात घातला आणि तिला गाजर दिसलं. चित्रातलं. एका ओल्या प्लास्टिकच्या पिशवीवर गाजर, मटार, मक्याचे दाणे, फरसबी, सगळे चौकोन एका मापाचे, सगळे कोपरे धारदार. गोठवलेल्या, कापून ठेवलेल्या भाज्यांची पिशवी, अजून गार होती. तिच्या आत झटपट नूडल्सचं वेष्टण घडी करून कोंबलेलं, आणि त्याच्या आत पिळून रिकामी केलेली सॉसची पुडी. कोणीतरी एकात एक घालून नीट लपवलं होतं.

ती पिंपाशी बराच वेळ उभी राहिली. मशीन. इस्त्रीवाला बरोबर बोलला होता. सात दिवस, तीन शेर गाजरं, एक बोट, एक कोट. तिच्या पोटातली कळ एका क्षणात उतरली आणि तिच्या जागी असा आनंद झाला की तिला त्याची लाज वाटली, पण थांबवावासा वाटला नाही. तिने पिशवी झटकली. हातात ध्वजासारखी धरून ती जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर तिने वाक्य तयार केलं. दुसऱ्यावर ते सुधारलं. 'अगं, तुझा हात खाली पिंपात पडला होता, म्हटलं आणून द्यावा.' हे चांगलं होतं. धाकटा आधी हसला असता, मग त्याने बायकोकडे बघितलं असतं, आणि मग पुन्हा कधी चमचा तसा वाजला नसता.

तिसऱ्या मजल्यावर ती दारापाशी थांबली, कारण आत कोणीतरी बोलत होतं आणि तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"...तर तो म्हातारा म्हणतो, बाई, मला हाडांचा डॉक्टर नको, माझी बायको कुठल्या मजल्यावर आहे ते सांगा. म्हटलं, आजोबा, नाव सांगा. तर म्हणतो, नाव काय विचारता, रागीट आहे, कुणालाही विचारा!"

धाकटा खो खो हसला. असा तो लहानपणी हसायचा, उचकी लागेपर्यंत.

"मग? सापडली?"

"सापडली ना! चौथ्या मजल्यावरून ओरडण्याचा आवाज आला, आणि हा म्हणतो, हीच!"

पुन्हा हसू. आणि मधूनच खर्र, खर्र. चमचा कढईत फिरत होता, पण सावकाश. फार सावकाश. खरवडायला काही उरलेलं नव्हतं. ज्याला टेबलावरून उठायचं नसतं तो जसा फिरवतो, तसा तो फिरत होता.

"अजून एक सांगू?" तो नवा आवाज म्हणाला.

"सांग ना. ताईला यायला अजून वेळ आहे."

पिशवीतलं वितळलेलं पाणी रफूताईच्या पट्टीत मुरत होतं. आठ महिने तिने ज्या मुलीला मुकी समजलं होतं ती मुकी नव्हती. हॉस्पिटलात तिचा आवाज संपतही नव्हता. तो या घरात बुधवारी निघत होता, दोन तास, रफूताई नसायची तेव्हा. कढईला हरवता आलं असतं. सॉस शिकता आला असता, बारा मिनिटांची दहा करता आली असती. पण ज्याची त्याला गोडी होती ते करायला रफूताईने घरी नसणं एवढाच जिन्नस लागत होता.

ती तिथून खाली उतरू शकली असती. तिने कडी वाजवली.

आतलं बोलणं कापल्यासारखं थांबलं.

"ताई? आज लवकर?" धाकट्याने दार उघडलं. त्याच्या ओठाला सॉस लागला होता.

"बोट," ती म्हणाली आणि पट्टी वर केली. दुसऱ्या हातात पिशवी होती.

भावजय खुर्चीतून उठली होती. तिने पिशवी पाहिली. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि चौकशीच्या काचेमागे बसणाऱ्या माणसाचा जसा होतो तसा एकदम सपाट झाला. "वाढू ताई?" ती म्हणाली. पुन्हा तोच दोन शब्दांचा आवाज.

"बस ना, खा," धाकटा म्हणाला. "हिने कापलंय बघ. पहिल्या दिवशीच मी हिला म्हटलं, ताईसारखा हात आहे तुझा."

वाक्य तयार होतं, सुधारलेलं होतं, जिभेवर होतं. रफूताईने भावजयीकडे पाहिलं. भावजय खुंटीवरच्या एप्रनकडे बघत होती, निघताना उचलायची वस्तू बघावी तशी.

रफूताईने पिशवीची घडी घातली. अर्धी, पुन्हा अर्धी, चित्र आत. आणि ती आपल्या पर्सच्या तळाशी, सुयांच्या डबीखाली सारली.

"काय गं ते?" धाकट्याने विचारलं.

"दुकानातलं चिंध्यांचं." मग ती बसली, आणि कढईकडे न बघता म्हणाली, "उद्या हो म्हणून सांग."

"काय?"

"जागेचं. घे ती."

"अगं पण तू..."

"मला दर बुधवारी हा खरखराट ऐकवत नाही. भांड्याचा मुलामा जातो."

तो तिच्याकडे बघत राहिला. तो विनोद आहे की नाही हे त्याला कळलं नाही, आणि तिलाही पक्कं सांगता आलं नसतं.

नंतर तो अंघोळीला गेला. दोघी त्या अरुंद स्वयंपाकघरात उभ्या होत्या, एकीने वळलं की दुसरीला भिंतीला टेकावं लागत होतं. रफूताईने कढई हातात घेतली. धुण्यासारखं तिच्यात काही शिल्लक नव्हतं.

"ताई," भावजय हळूच म्हणाली, "मी सांगणारच होते. ह्यांनी तसं म्हटलं ना पहिल्यांदा, तुमच्यासारखा हात, तर मला नाही म्हणवेना. घरात सारखं ताई असं करते, ताई तसं करते. मला वाटलं, एकदा तरी..." ती थांबली. "तुम्ही ती गाजरं कापत होता ना, मला रडू येत होतं."

"मला वाटलं हसू येतंय."

"थोडं तेही येत होतं."

रफूताईने कढई उपडी घातली.

"ते गोठलेलं आधी पाण्यात टाकतेस की तसंच?"

"तसंच. कढई खूप तापवायची, मगच. झाकण अजिबात नाही. नूडल्स नुसत्या गरम पाण्यात बुडवून काढायच्या, अर्धवट कच्च्या असतानाच."

"किती मिनिटं?"

"सगळं मिळून सात. बारा मी ह्यांना सांगते."

"सात," रफूताई म्हणाली, शिवी द्यावी तशी.

महिन्याच्या शेवटी ते दोघं गेले. चौथी खुंटी तिने काढली नाही. तिच्यावर आता काही नसतं. बोट बरं झालं, भोकं पुन्हा दिसेनाशी झाली, आणि इस्त्रीवाला पुन्हा बोलू लागला.

गेल्या बुधवारी ती परतताना किराणा दुकानात थांबली आणि गोठलेल्या भाज्यांची एक पिशवी, नूडल्सचं एक पुडकं आणि सॉसची पुडी घेऊन आली. कात्रीने पिशवीचं तोंड कापलं. चौकोन तापलेल्या कढईत खड्यांसारखे वाजत पडले. तिने झाकणाकडे हात नेला आणि मागे घेतला. घड्याळात बघितलं. सात मिनिटं झाली, तेव्हा तिने कढईच टेबलावर आणून ठेवली, पिशवी तिच्या शेजारी, चित्र वर.

चांगलं झालं होतं. खरंच चांगलं. याचाच तिला राग आला. तिने शेवटपर्यंत खाल्लं आणि मग चमचा घेऊन तळाचा पापुद्रा काढायला लागली. खर्र, खर्र. थोड्या वेळाने काढण्यासारखं काही राहिलं नाही. ती सावकाश चमचा फिरवत राहिली आणि समोरच्या दोन खुर्च्यांकडे बघत राहिली. त्या मुलीला या आवाजावर काय काय बोलायला सुचत असेल, याचा ती विचार करत होती.